बोटभर जागा

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "लोखंड किती आणणार?"

अंबडच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. खोलीसाठी फिरताना घरमालकांचे नाना प्रश्न ऐकून झाले होते. आडनाव काय, लग्न का नाही झालं, मटण शिजवणार का, पाहुणे किती येतील. लोखंडाचं कुणीच विचारलं नव्हतं. मी गोंधळून म्हटलं, "एक घडीचा पलंग आहे. आणि एक कपाट."

"कपाट पत्र्याचं? त्याची पाठ कधी बघितली?"

कपाटाची पाठ कोण बघतं! मी नाही म्हटल्यावर त्यांनी अशी मान हलवली, जणू मी घरी आजारी माणूस टाकून आले आहे.

"आणा. पण दोन्ही आधी अंगणात राहतील. मी तपासेन, मंग वर जातील."

माझा पलंग आणि कपाट बाईंच्या अंगणात चांगले मुक्कामाला राहिले. मी वर चटईवर झोपत होते आणि खाली बाई माझ्या पलंगाचे पाय खरवडत होत्या. पायांच्या नळ्यांच्या आतसुद्धा त्यांनी रंग ओतून, फिरवून, काढला. पलंग वर आला तेव्हा तो माझा वाटेना. "आता हा तुमच्या नातवंडांना पुरेल," बाई म्हणाल्या. नातवंडांच्या आधी लागणाऱ्या गोष्टींची माझ्याकडे काहीच सोय नव्हती, पण ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

बाई ठेंगण्या, सावळ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. नखांच्या कडेला कायम कुठला तरी रंग. भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात, बौद्ध कुटुंबात त्या जन्मल्या. वडील शाळामास्तर. रसायनशास्त्र शिकून त्या मुंबईला एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. काम एकच. जहाजांच्या बुडाला लावायचा रंग दिलेल्या लोखंडी पट्ट्या समुद्रात टांगायच्या, काढायच्या, बघायच्या. कशावर शिंपले धरले, कशावर शेवाळ आलं, कुठे रंगाखालून गंज सुटला. तेवढं आयुष्य समुद्राला देऊन त्या समुद्रापासून जमेल तितक्या लांब, अंबडला येऊन राहिल्या होत्या. "इथली हवा कोरडी आहे," एवढंच कारण सांगायच्या.

पट्ट्यांची सवय मात्र सुटली नव्हती. गच्चीवर त्यांनी सिमेंटचं टाकं बांधून घेतलं होतं आणि त्यात मुद्दाम शेवाळ वाढवलं होतं. त्यात तारेला बांधलेल्या पट्ट्या लोंबत. शेजाऱ्यांनी डासांची तक्रार केली, नगरपालिकेची माणसं आली. बाईंनी त्यांना गच्चीवर नेऊन टाक्यातले गप्पी मासे दाखवले, चहा पाजला आणि जाता जाता त्यांच्या फवारणीच्या पंपाची नळी गंजल्याचं दाखवून दिलं. माणसं पंप तिथेच ठेवून गेली. पुढच्या आठवड्यात रंगवलेला पंप न्यायला आली, तेव्हा तक्रारीचा विषय निघाला नाही.

पिशवीत त्यांच्याजवळ एक छोटी खरवडणी आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा. रिकामा वेळ मिळाला की समोरच्या लोखंडावर हात चालू. एकदा जालन्याला जाताना काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही दाराशी बसलो होतो. मी खिडकीबाहेर बघत होते. एकाएकी ड्रायव्हर ओरडला. बाईंनी दाराचा फुगलेला रंग खरवडता खरवडता दाराला रुपयाएवढं भोक पाडलं होतं.

"ओ बाई! गाडी फोडून राह्यल्या का काय तुम्ही?"

"मी न्हाई फोडली. ते भोक आधीपासून होतं. वर रंगाचा पापुद्रा होता म्हणून तुम्हाला दिसत नव्हतं."

गाडीतली माणसं हसली, ड्रायव्हर अधिकच तापला. बाईंनी शांतपणे त्याला रविवारी गाडी घेऊन घरी यायला सांगितलं. तो आला. दिवसभर अंगणात दार उघडून बाई आणि तो काम करत होते. तेव्हापासून त्याच्या गाडीत पुढची जागा बाईंची झाली. दुसरा कुणी बसला तर तो म्हणायचा, "उठा, डाक्टरीन येणार हाय."

मला बघायला एकदा पाहुणे आले होते. मुलगा बरा होता, चारचाकी घेऊन आला होता. पाहुणे गेल्यावर आई खाली बाईंकडे बसली, त्यांचं मत काय म्हणून. बाई म्हणाल्या, "गाडी वरून चकचकीत आहे. खालून एकदाही बघितलेली न्हाई." आईला हे मुलाबद्दल आहे की गाडीबद्दल, ते कळलं नाही. मी नंतर विचारलं तर बाई चकित झाल्या. "गाडीबद्दल. मुलाचं मला काय कळतं?"

ही त्यांची खोड होती. त्यांच्या बोलण्यातून मी नेहमी काही तरी मोठं काढायला जायचे आणि त्या ते काढू द्यायच्या नाहीत. मी मराठीची बाई. मला प्रत्येक गोष्टीत दुसरी गोष्ट दिसायची. बाईंना लोखंडात लोखंड दिसायचं.

शेषराव आले ते त्या काळी-पिवळीच्या ड्रायव्हरकडून पत्ता घेऊन. पन्नाशीचा उंच, वाळका माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात रंगाचा डबा. गोदाकाठच्या एका गावात ते नाव चालवायचे. खाली बंधारा झाल्यापासून नदीचं पाणी तुंबून राहायचं आणि गावची निम्मी जमीन पलीकडे. खुरपायला, कापूस वेचायला बाया सकाळी शेषरावांच्या नावेतून पलीकडे जायच्या आणि दिवस कलताना परत यायच्या. उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक चालत जायचे आणि नाव काठावर ओढली जायची. जुनी लाकडी नाव कुजल्यावर गावानं जालन्यात लोखंडी करून घेतली होती, मागे मशीन लावलेली.

"बाई, नावंच्या बुडाला शेवाळ आन शिंपल्या लई धरतेत. मशीन वढत न्हाई. भाचा बंदरावर हाय माझा, रत्नागिरीकडं. त्यानं ह्यो रंग धाडला. ह्यात थिनर किती घालू, तेवढं सांगा."

बाईंनी भिंग लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग डबा आपल्या खुर्चीखाली सरकवला.

"हा डबा माझ्याकडं राहील."

"आवो, डबा माझा हाय."

"नाव तुमची राहायला पायजे का न्हाई?"

मग त्यांनी शेषरावांना समजावून सांगितलं. या रंगात तांबं असतं. तांबं पाण्यात थोडं थोडं सुटतं, म्हणून शेवाळ आणि शिंपल्या बुडाला धरत नाहीत. पण तेच तांबं उघड्या लोखंडाला लागलं आणि वरून पाणी आलं, की तांबं राहतं शाबूत आणि लोखंडाला खात सुटतं. लाकडाच्या नावेला हा रंग सरळ लावला तर चालतो. लोखंडाच्या नावेला आधी मधे जाड अस्तर पाहिजे, तांब्याची आणि लोखंडाची गाठच पडू नये असं.

"म्हंजे दोघांत भिंत घालायची," शेषराव म्हणाले.

बाई खूश झाल्या. "बराबर. भिंत. आणि भिंतीला बोटभर सुद्धा जागा सुटली न्हाई पायजे."

त्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी होती. नाव स्वतः उभं राहून रंगवून घ्यायला बाई शेषरावांच्या गावी जायच्या; मीही बरोबर जायला लागले, डबा धरायला म्हणून. काठावर लिंबाच्या सावलीत नाव पालथी घातली होती. शेषरावांची बायको कौसाबाई आणि तिच्याबरोबरच्या चार-पाच बाया खरवडायला आल्या होत्या. नाव त्यांच्या रोजच्या जाण्याची होती. बाईंनी आधी खाली ताडपत्री अंथरायला लावली. खरवडलेलं काहीही नदीत जाता कामा नये. प्रत्येकीच्या तोंडाला ओढणी नाहीतर पदर. जेवायच्या आधी साबणानं हात. कुणी तरी भाकरी-ठेच्याचं फडकं नावेच्या पाठीवर सोडलं, तर बाई असं ओरडल्या की लिंबावरचे कावळे उडाले. तेलाचा डाग पडला तिथे रंग धरत नाही.

लोखंड चकचकीत होईपर्यंत खरवडायचं, धुवायचं, कडकडीत वाळवायचं आणि त्याच दिवशी पहिला हात मारायचा. अस्तर दोन डब्यांतलं एकत्र कालवायचं होतं आणि ते घट्ट व्हायच्या आत संपवायचं. पहिला हात राखाडी, दुसरा पांढरट, म्हणजे कुठे सुटलं ते लगेच दिसेल. जोडाच्या रेघांवर आणि कडांवर आधी ब्रशनं वेगळा हात. कारण कडेवर रंग पातळ होतो. बाई नावेभोवती वाकून वाकून फिरत आणि बोट दाखवत, "हे काय? बोटभर सुटलं." बायांना ते इतकं पाठ झालं की एकमेकींच्या कुंकवालासुद्धा तसंच म्हणून हसायच्या.

बुडाला मागच्या बाजूला बाईंनी मॅग्नेशियमचे दोन ठोकळे बोल्टनं बसवून घेतले होते. मुंबईहून जुन्या सहकाऱ्याकडून मागवलेले. मी विचारलं, हे कशाला?

"रंग कुठं ना कुठं खरचटणार. दगड लागणार. तिथं पाणी लोखंडाला खायला बघतं. हे ठोकळे जवळ असले की ते आधी झिजतात, लोखंड वाचतं. झिजले की नवे लावायचे."

"म्हणजे घरातल्या थोरल्या बहिणीसारखं," मी म्हटलं. त्या स्वतः थोरल्या होत्या. मुंबईच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणं झालेली मला माहीत होती.

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "थोरली बहीण झिजत न्हाई. मी चांगली खाऊन-पिऊन आहे. धातूला धातू राहू द्या."

शेवटचा, तांब्याच्या रंगाचा दिवस उरला होता आणि आदल्या दुपारी बाईंना ऊन लागलं. उलट्या झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. शेषरावांनी त्यांना उचलून जीपमध्ये ठेवलं. अंबडच्या दवाखान्यात सलाईन लावलेल्या अवस्थेत, सकाळी डोळे उघडल्याबरोबर त्यांनी मला फोन लावायला सांगितला. मी लावून त्यांच्या कानाशी धरला.

"शेषराव, आज रंग मारा. अस्तर फार दिवस उघडं ठेवू नका. आणि बोटभर जागा सुटली न्हाई पायजे."

एवढं बोलून त्या झोपल्या.

नाव पाण्यात गेली आणि काय चालली! दिवाळीला शेषराव शेतातले मूग आणि कापसाच्या वाती घेऊन आले. बुडाला शेवाळाचा धागा नाही, मशीन निम्म्या डिझेलवर पळतं, बाया म्हणतात रंगाच्या बाईला घेऊन या. बाई लाजल्या. त्यांना लाजताना मी प्रथमच बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात नाव काठावर आली, तेव्हा आम्ही बघायला गेलो. गावातली माणसं जमली होती. नाव पालथी केली. लाल रंग जागच्या जागी होता, सुंदर. पण मागच्या बाजूला, उतरताना दगडावर घासून रंग गेला होता, तिथे लोखंडात खड्डे पडले होते. बाईंनी खरवडणीचं टोक एका खड्ड्यात घातलं आणि ते आरपार गेलं.

त्या गुडघ्यावर बसून ठोकळ्यांकडे सरकल्या. ठोकळे लाल होते. कोपरे बसवले त्या दिवशीसारखे टोकदार. एका वर्षात ते कणभरही झिजले नव्हते.

"शेषराव, हे कुणी रंगवले?"

"म्या." शेषरावांच्या आवाजात अजून अभिमान होता. "दोन दोन हात मारले. बोटभर जागा सोडली न्हाई."

बाईंनी खरवडणी खाली ठेवली. ठोकळ्याला पाणी लागलं तर तो झिजणार, झिजला तर लोखंड वाचणार. रंगाखाली झाकलेला ठोकळा असून नसल्यासारखा. शेवटच्या दिवशी ठोकळे कागद चिकटवून स्वतः झाकायचे आणि रंग झाल्यावर मोकळे करायचे, असं बाईंच्या मनात होतं. ते मनातच राहिलं होतं.

पंचायतीतला एक सदस्य तिथे उभा होता. नाव आपल्या माणसाकडे यावी म्हणून तो कधीचा टपून होता. त्याला एवढंच कळलं की जे रंगवायचं नव्हतं ते शेषरावांनी रंगवलं. "म्हंजे ह्यानंच वाट लावली गावाच्या नावंची," तो मोठ्यानं म्हणाला. "चार बाया बुडाल्या असत्या म्हंजे? नाव दुसऱ्याकडं देऊन टाका."

शेषरावांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई जमिनीवर बसूनच होत्या, हात मांडीवर, एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. शेषराव घसा खाकरून म्हणाले, "व्हय. चूक माझीच हाय. बाईनं सांगितल्तं मला, ठोकळे सोड म्हून. मीच इसरलो."

बाईंनी झटकन मान वर केली. "काय सांगितल्तं मी?"

"फोनवर. तुमी म्हनल्या व्हत्या."

"बिलकुल न्हाई! मी असं काही म्हटलं न्हाई. खोटं कशाला बोलता?"

"तुमच्या ध्यानात नसंल. तुमाला ऊन लागल्तं."

"ऊन लागलं होतं, अक्कल गेली नव्हती!" बाई उठून उभ्या राहिल्या. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या सदस्याकडे वळून म्हणाल्या, "ऐका. ह्या माणसानं मी सांगितलं ते सगळं केलं, अक्षर न अक्षर. सांगायचं ते मी सांगितलं न्हाई. जन्मभर हेच काम केलं मी, आणि मुख्य गोष्ट सांगायची राहिली. नाव काढून घ्यायची तर माझ्याकडून काढा."

"बाईचं काय चुकलं? म्या इचारायला पायजे होतं."

"तुम्ही गप बसा हो शेषराव!"

"तुमी गप बसा!"

कौसाबाई मघापासून एका कडेला उभी होती. ती दोघांच्या मधे येऊन म्हणाली, "झालं का तुमचं? भांडून भोकं बुजणार हायेत का? वेल्डिंगवाल्याला बोलवा जल्दी."

माणसं हसली. हसल्यावर त्या सदस्याचं कुणी ऐकेना, आणि तो थोडा वेळ उभा राहून निघून गेला.

वेल्डिंगवाला आला, कुजका पत्रा कापून नवी ठिगळं बसली. पुन्हा सगळं खरवडणं, वाळवणं, अस्तर. ठोकळे बाईंनी स्वतः घासून पांढरे केले, त्यांना कागद चिकटवला. रंग वाळल्यावर सगळ्या बायांना बोलावून एकेकीच्या हातानं तो कागद सोलायला लावला आणि प्रत्येकीला विचारलं, "हे उघडं का ठेवायचं?" उत्तर आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. शेषरावांनाही सोडलं नाही. त्या उन्हाळ्यात बाईंचं ते बोटभर जागेचं वाक्य मी एकदाही ऐकलं नाही.

पण पाणी चढलं आणि नाव उतरायची वेळ आली, तेव्हा बाया बसेनात. ठिगळाची नाव म्हणून नाव पडलं होतं तिचं. भोक आरपार गेलेलं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. शेषरावांनी कौसाबाईला बसायला सांगितलं, तर तिच्या सुनेनं तिचा हात धरून ठेवला. सगळ्या काठावर खुरपी घेऊन उभ्या, कुणी पुढे होईना.

बाई बूट काढून पिशवीत ठेवायला लागल्या.

"मी बसते," त्या म्हणाल्या.

त्यांचा हात मी धरला तर तो गार पडला होता. मी हळूच विचारलं, बाई, बरं वाटत नाही का? त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मी कधी नावेत बसलेली न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आणि मुंबईला? समुद्रात?"

"पट्ट्या धक्क्यावरून सोडायच्या. पट्ट्या पाण्यात, मी वर. मला पोहता येत न्हाई. मला पाण्याची भीती वाटते."

असं म्हणून त्यांनी साडी वर खोचली आणि शेषरावांच्या खांद्याला धरून नावेत पाय टाकला. नाव डुलली तशा त्या मटकन खाली बसल्या. मागोमाग मी चढले. कौसाबाईनं सुनेचा हात सोडवला आणि चढली. बाकीच्या काठावरच राहिल्या.

मशीन सुरू झालं. बाई दोन्ही हातांनी फळी धरून नावेच्या तळाकडे टक लावून बसल्या होत्या, नवीन जोडांवर. काठ दूर जायला लागला तरी त्यांची नजर हलेना. तळ कोरडा होता. नदीच्या मध्यावर आलो तरी कोरडाच होता. 

"बाई," कौसाबाई म्हणाली, "वर बगा की जरा. गोदामाय केवढी भरलीय."

बाईंनी मान वर केली. दोन्ही काठ लांब गेले होते आणि मधे सगळं पाणी, उन्हात हलणारं. त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

पलीकडे उतरलो, कौसाबाईच्या शेतात भाकरी खाल्ली. बाई बांधावरच्या बाभळीखाली पदर डोक्याखाली घेऊन गाढ झोपल्या. दरम्यान शेषराव परत जाऊन आले तेव्हा नाव बायांनी भरलेली होती. आम्हाला कोरडं पोचलेलं त्यांनी काठावरून बघितलं होतं. दुपारभर त्यांची खुरपणी चालली.

परतताना बाई कुणाचा हात न धरता चढल्या आणि पुढच्या टोकाला जाऊन बसल्या. बायांची बडबड चालली होती, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी एक हात बाहेर काढून पाण्यात सोडला होता. बोटांमधून पाणी फाटत चाललं होतं.

शेषरावांनी मागून हाक दिली, "बाई, आभाळ आलंय. जल्दी घेऊ का?"

"न्हाई," बाई मागे न बघता म्हणाल्या. "हळूच चालू द्या."